उस्ताद सिनान : घुमट, पूल आणि पाणी

‘अमुक राजाने हा किल्ला बांधला, तमुक बादशहाने ती मशीद बांधली’ असे आपण इतिहासात वाचतो आणि वर्गात मुलांनाही तसेच सांगतो. राजाने खर्च केला हे खरे. पण ओळंबा धरला कोणी, कमानीचा भार किती होईल याचा अंदाज बांधला कोणी, आणि पाया खचला असता तर मान कोणाची गेली असती, हे विचारायचे बहुधा राहून जाते. त्यामुळे जुन्या काळातल्या कितीतरी कारागिरांची नावे हरवून गेली. ज्याचे नाव, आयुष्य आणि काम या तिहींची बऱ्यापैकी माहिती टिकून राहिली आहे, अशा एका दरबारी स्थपतीची हकीगत आज सांगायची आहे.

त्याचे नाव सिनान. तुर्कस्तानात त्याला ‘मिमार सिनान’ म्हणतात. मिमार म्हणजे इमारती बांधणारा. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘इमारत’ हा शब्द आणि हा ‘मिमार’ शब्द एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत. तेव्हा माणूस परका असला तरी त्याचा धंदा आपल्या ओळखीचाच आहे.

काळ सोळाव्या शतकाचा. इकडे १५२६ साली पानिपतावर बाबराने इब्राहीम लोदीचा पराभव केला. त्याच वर्षी तिकडे मोहाचच्या रणांगणावर उस्मानी तुर्कांचा सुलतान सुलेमान याने हंगेरीच्या राजाला धुळीस मिळवले. सुलेमानाचे राज्य युरोपातल्या डॅन्यूब नदीपासून इराकमधल्या बगदादपर्यंत पसरले होते आणि राजधानी होती इस्तंबूल. मोहाचच्या लढाईत जे शिपाई होते, त्यांपैकी एक हा सिनान.

तो जन्माने तुर्कही नव्हता आणि मुसलमानही नव्हता. अनातोलियात कायसेरी नावाचे शहर आहे, त्याच्या जवळच्या आगिर्नास या खेड्यात, सुमारे १४९० साली, एका ख्रिस्ती कुटुंबात तो जन्मला. उस्मानी राज्यात त्या काळी एक विलक्षण रिवाज होता. सरकारी माणसे ख्रिस्ती खेड्यांत जात आणि धडधाकट, चुणचुणीत मुले निवडून राजधानीत घेऊन जात. तेथे त्यांना इस्लामची दीक्षा देत, हुन्नर शिकवत आणि सुलतानाच्या खास फौजेत किंवा दरबारात नोकरीला लावत. अशा मुलांतून पुढे सेनापती झाले, वजीरही झाले. पण ज्या घरातून मुलगा नेला, त्या घरातल्या आईच्या दृष्टीने ती सक्तीची वसुलीच होती, हे विसरून चालणार नाही. सिनान असाच नेला गेला.

राजधानीत त्याला सुतारकाम शिकवले. मग तो फौजेत गेला. १५२१ साली बेलग्राड, १५२२ साली रोड्स बेट, १५२६ साली मोहाच, पुढे १५३४ सालची बगदादची मोहीम, असे त्याचे वर्षांमागून वर्षे चालणेच चालले. पण हा शिपाई इतरांसारखा नुसता लढत नव्हता. म्हातारपणी त्याने आपली हकीगत मुस्तफा साई नावाच्या एका कविमित्राला सांगितली आणि त्याने ती लिहून ठेवली. तीत सिनानने स्वतःला कंपासाची उपमा दिली आहे. कंपासाचा एक पाय जागेवर रोवलेला असतो आणि दुसरा फिरतो. तसा आपण प्रथम एका जागी राहून हुन्नर शिकलो आणि मग देशोदेश फिरून पडक्या कमानी, मोडके महाल यांपासून धडे घेतले, असे तो म्हणतो. शिक्षकबंधूंनी लक्षात ठेवावी अशी ही उपमा आहे.

फौजेतल्या सुताराला काय करावे लागते? नदी आडवी आली की पूल, तळे आडवे आले की नावा. इराणच्या स्वारीत वान नावाच्या मोठ्या सरोवरावर पैलतीराची टेहळणी करायची होती. सिनानने तेथे तीन गलबते बांधून दिली. १५३८ साली मोल्दाव्हियाच्या स्वारीत प्रूत नदी आडवी आली. काठ दलदलीचा. जो पूल उभारावा तो चिखलात रुतावा. तेव्हा लुत्फी पाशा या सरदाराने सिनानचे नाव सुचवले. त्याने दोन आठवड्यांच्या आत पूल उभा केला आणि सारी फौज पलीकडे गेली. थोड्याच दिवसांत जुना मुख्य स्थपती वारला आणि ती जागा सिनानला मिळाली. फौजेतली बढतीची वाट सोडताना मनाला वाईट वाटले, पण या कामात आपल्या हातून पुष्कळ मशिदी उभ्या राहतील असे वाटून ते पत्करले, असे त्याने प्रांजळपणे सांगितले आहे. त्या वेळी तो पन्नाशीला टेकला होता. आपल्याकडे या वयात माणूस हिशेब मिटवायच्या गोष्टी बोलू लागतो. सिनानचे खरे काम येथून सुरू झाले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालले.

आता त्याच्यापुढे कोडे काय होते ते पाहू. इस्तंबुलात आया सोफिया नावाचे प्राचीन मंदिर आहे. इ. स. ५३२ ते ५३७ या काळात ते ख्रिस्ती देवालय म्हणून बांधले गेले आणि १४५३ साली तुर्कांनी शहर जिंकल्यावर त्याची मशीद झाली. त्याचा घुमट सुमारे ३१ मीटर रुंद आहे. हजार वर्षे होऊन गेली तरी त्याच्या तोडीचा घुमट त्या मुलखात कोणाला साधला नव्हता. तुमच्याच्याने हे व्हायचे नाही, असे ख्रिस्ती कारागीर म्हणत आणि ते आपल्या मनाला लागून राहिले होते, अशी सिनानने आपल्या हकीगतीत नोंद केली आहे.

घुमट बांधणे अवघड का? वेताची किंवा बांबूची जुनी पाटी घ्या, ती जमिनीवर उपडी घाला आणि माथ्यावर हाताने दाबा. पाटीची कड बाहेर पसरू लागेल. दगडी घुमटाचेही असेच असते. त्याचा भार नुसता खाली जात नाही, तो बाहेरही रेटतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव नसती तर चाक जसे फाकले असते, तसा घुमट फाकू पाहतो. शिवाय घुमट गोल आणि खालची खोली चौकोनी. गोल वस्तू चौकोनावर बसवायची म्हणजे चारी कोपऱ्यांत आत झुकलेली त्रिकोणी बांधणी करून चौकोनाचा गोल करून घ्यावा लागतो. आणि तो बाहेरचा रेटा कोणीतरी सोसावा लागतो. ज्यांनी विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल, त्यांना तेथल्या जाडजूड भिंती आठवतील. १६५६ साली पुरा झालेला तो घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद, म्हणजे आया सोफियापेक्षाही मोठा आहे. एकमेकींत गुंफलेल्या कमानी आणि त्या भिंती मिळून तेथे भार सोसतात. पण भिंती अशा जाड केल्या की आत उजेड कमी येतो. सिनानला घुमटही मोठा हवा होता आणि उजेडही भरपूर हवा होता.

हे कोडे त्याने एकदम सोडवले नाही. आपल्या तीन मोठ्या मशिदींविषयी त्याचे म्हणणे असे सांगितले जाते, की पहिली शिकाऊपणाची, दुसरी हात बसलेल्या कारागिराची आणि तिसरी उस्तादीची.

पहिली शहजादे मशीद. १५४३ साली सुलतानाचा तरुण मुलगा मेहमेद वारला, त्याच्या स्मरणार्थ ती बांधली आणि १५४८ साली पुरी झाली. मधला घुमट १९ मीटरांचा आणि त्याला चारी बाजूंनी चार अर्धे घुमट टेकवलेले. मधला घुमट बाहेर रेटतो, तो रेटा अर्धे घुमट अंगावर घेतात आणि पायरीपायरीने खाली उतरवतात. रचना सरळ, चारी बाजूंनी सारखी. ही मशीद पुरी झाली तेव्हा सिनान साठीच्या उंबरठ्यावर होता आणि तिला तो आपले शिकाऊपणाचे काम म्हणतो, हे ध्यानात घ्या.

दुसरी सुलेमानिये मशीद. इस्तंबुलातल्या एका टेकडीवर १५५० साली तिचा पाया घातला गेला आणि १५५७ साली ती उघडली. घुमट सुमारे २६ मीटर रुंद आणि जमिनीपासून त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ५३ मीटर उंच. दगडाला दगड जोडताना लोखंडी आकडे बसवून त्यांत शिसे ओतले. आवाज सगळीकडे नीट पोचावा, घुमू नये, म्हणून घुमटाच्या बांधणीत मातीची पोकळ मडकी बसवली. रेडिओच्या स्टुडिओत भिंतींना जी योजना करतात, तिच्याच जातीची ही युक्ती. तेथे तेलाचे शेकडो दिवे जळत. त्यांची काजळी हवेच्या झोताबरोबर एका ठरावीक दालनात जमा व्हावी आणि तिची शाई करावी, अशी सोय होती असे सांगतात.

या कामाच्या वेळी एक प्रसंग घडला. काम लांबले म्हणून चुगल्या झाल्या. सुलतान स्वतः कामावर आला आणि रागाने विचारता झाला, ‘हे कधी पुरे होणार?’ सिनानने उत्तर दिले, ‘दोन महिन्यांत.’ ऐकणाऱ्यांना वाटले, याचे डोके फिरले. पण त्याने कारागीर वाढवले, रात्रंदिवस काम केले आणि शब्द पाळला. उद्घाटनाच्या दिवशी सुलतानाने दाराची किल्ली सिनानच्याच हाती दिली आणि दार त्याच्याकडून उघडवले. हे सारे त्याच्या हकीगतीत आहे.

पण मला त्या हकीगतीपेक्षाही मोलाच्या वाटतात त्या या बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या. त्या आजही टिकून आहेत. मुक्काद्दम कोण, पाथरवट किती, कोणाला किती रोज, दगड कोठून आला, हे त्यांत लिहिले आहे. त्यांचा अभ्यास झाला तेव्हा कळले की निम्म्याहून अधिक काम रोजंदारीवर आलेल्या स्वतंत्र कारागिरांनी आणि मजुरांनी केले होते. जहाजांवरचे गुलाम लावले होते, पण त्यांचा वाटा थोडा. आणि कारागिरांपैकी सुमारे निम्मे ख्रिस्ती होते. सुलतानाच्या नावाची मशीद, पण तिच्या भिंतीत दोन्ही धर्मांच्या माणसांचा घाम आहे.

आणखी एक गोष्ट. सुलेमानिये म्हणजे एकटी मशीद नाही. तिच्या भोवती मुलांची शाळा, उच्च शिक्षणाचे मदरसे, वैद्यकाची पाठशाळा, दवाखाना, मुसाफिरांची सराई, हमामखाना आणि गोरगरिबांना अन्न देणारे अन्नछत्र, असा सारा संसार मांडलेला आहे. त्यांच्या खर्चासाठी जमिनी आणि दुकाने धर्मादाय लावून दिलेली होती. शाळा कोठे, चूल कोठे, रोग्याला वारा कोठून मिळेल, हे सगळे टेकडीच्या उतारावर बसवायचे काम सिनानचेच होते.

आता पाण्याची गोष्ट. ती ग्रामीण श्रोत्यांना अधिक जवळची वाटेल.

इस्तंबूल समुद्राने वेढलेले आहे, पण प्यायच्या पाण्याची तेथे ओरड. माणसे वाढली, जुने रोमन काळचे पाट मोडले. १५५४ साली सुलतानाने सिनानला शहराच्या उत्तरेकडच्या जंगलातले ओढे शहरात आणायला सांगितले. या योजनेला ‘कर्कचेश्मे’ म्हणतात, म्हणजे चाळीस झरे. पंप नाही, इंजिन नाही. जे काय करायचे ते उताराच्या बळावर. आपल्याकडे पाट काढणाऱ्याला ठाऊक असते, की उतार जास्त झाला तर पाणी पाट खोदून काढते आणि कमी झाला तर जागीच तुंबते. येथे तर पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाटा, मध्ये डोंगर आणि दऱ्या. डोंगराला वळसा घालायचा आणि दरी आली की तिच्यावर कमानींचा उंच पूल बांधून त्याच्या माथ्यावरून पाणी न्यायचे. माग्लोवा येथला असा पूल सुमारे ३६ मीटर उंच आणि २५८ मीटर लांब आहे.

काम पुरे व्हायच्या बेताला आले आणि १५६३ च्या सप्टेंबरात प्रचंड पूर आला. पाण्याच्या पुलांची मोडतोड झाली. माग्लोवाचा पूल वाहून गेला. दरबारात सिनानचे हितशत्रू होतेच. नऊ वर्षांचा खर्च पाण्यात गेला, म्हणायला त्यांना आयतेच सापडले असणार. सिनानने तो पूल पुन्हा बांधला, पण पहिल्यासारखा नाही. त्याचे खांब खाली रुंद आणि वर निमुळते केले. पुराचे पाणी त्यांच्यावर आपटून फुटावे आणि दोन्ही बाजूंनी निघून जावे, अशी ती रचना. पुराशी छातीला छाती लावून उभे राहण्यापेक्षा त्याला वाट करून देणे बरे, हा धडा त्या खांबांत दिसतो. आज साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पूल उभा आहे. मधोमध पादचाऱ्यांनी ओलांडून जावे म्हणून त्याच्या पोटातून वाटही ठेवली आहे.

ही सारी कामे झाल्यावर, वयाच्या ऐंशीच्या घरात, सिनानने आपले उस्तादीचे काम हाती घेतले. सुलेमान १५६६ साली वारला होता आणि त्याचा मुलगा दुसरा सेलिम गादीवर होता. त्याच्यासाठी एदिर्ने शहरात १५६८ साली सेलिमिये मशिदीचे काम सुरू झाले आणि ती १५७५ साली उघडली. सेलिम मात्र ती पाहायला राहिला नाही. काही महिने आधीच तो वारला.

येथे सिनानने जुनी पद्धत सोडून दिली. चार खांबांऐवजी आठ खांब वर्तुळात उभे केले आणि त्यांच्यावर घुमट ठेवला. रेटा सोसणारे टेकू भिंतींच्या बांधणीत असे मिसळून टाकले, की आत उभे राहिल्यावर आधार कोठे आहे हे चटकन कळत नाही. भार खांबांनी घेतल्यामुळे भिंती मोकळ्या झाल्या आणि त्यांत खिडक्यांवर खिडक्या आल्या. घुमटाची रुंदी सुमारे ३१ मीटर, म्हणजे आया सोफियाच्या जवळजवळ बरोबरीची. आपला घुमट तिच्याहून मोठा, असा सिनानचा दावा होता. फरक हातभराचा आहे की कसे, हा वाद मोजमाप करणाऱ्यांवर सोपवू. आत शिरणाऱ्याला जाणवते ते एवढेच, की एका विशाल आभाळाखाली आपण उभे आहोत आणि चारी बाजूंनी उजेड येतो आहे. चार कोपऱ्यांत सुमारे ७० मीटर उंचीचे चार सडपातळ मिनार आहेत. त्यांपैकी दोहोंत तीन तीन स्वतंत्र जिने एकमेकांभोवती वळवलेले आहेत. तीन माणसे एकाच वेळी वर चढली तरी एकमेकांना दिसत नाहीत. २०११ साली ही मशीद युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

सिनानच्या नावावर चारशेहून अधिक कामांची यादी आहे. मशिदी, मदरसे, दवाखाने, सराया, हमामखाने, पूल. ती सगळी त्याने स्वतः उभे राहून बांधली असे मात्र समजू नये. तो दरबारी स्थपतींच्या खात्याचा प्रमुख होता. नकाशे करून देणे, हाताखालची माणसे गावोगाव पाठवणे, दगड आणि शिसे यांचा पुरवठा ठरवणे, हे त्याचे रोजचे काम. शिकवणे हाही त्याचाच एक भाग. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मेहमेद आगाने पुढे, १६०९ ते १६१६ या काळात, इस्तंबुलातली प्रसिद्ध सुलतान अहमद मशीद बांधली. बोस्नियात द्रीना नदीवर सिनानचा अकरा कमानींचा पूल आहे. तो बांधवून घेणारा वजीर मेहमेद पाशा हाही त्याच मुलखातून लहानपणी नेलेला मुलगा. जन्मगावाकडची वाट त्याने अशी पुलाने जोडली.

आणि सिनान? तोही आपल्या माणसांना विसरला नव्हता. १५७१ साली तुर्कांनी सायप्रस बेट जिंकले आणि तेथे वस्ती करण्यासाठी कायसेरीकडची कुटुंबे हलवण्याचा हुकूम निघाला. त्यांत आगिर्नासचे त्याचे ख्रिस्ती नातेवाईकही होते. तेव्हा या वृद्ध स्थपतीने दरबारी अर्ज केला आणि आपल्या नातलगांना त्यातून सूट मिळवली. तो हुकूम आजही कागदोपत्री आहे. विशीच्या आसपास ज्याला गावातून नेले, त्याने ऐंशी उलटल्यावर राजापाशी मागितले ते एवढेच, की माझ्या माणसांना त्यांच्या घरी राहू द्या. त्याने बांधलेल्या घुमटांइतकाच हा कागद मला बोलका वाटतो.

१५८८ साली, शंभरीच्या आसपास, सिनान वारला. दोन सुलतानांची सेवा करून तो तिसऱ्या सुलतानाच्या कारकिर्दीतही कामावर होता. त्याच्या शिक्क्यावर त्याने स्वतःला ‘गरीब, क्षुद्र सेवक’ म्हणवून घेतले आहे. त्याची कबर सुलेमानियेच्या कुंपणाबाहेर, एका कोपऱ्यावरच्या चिंचोळ्या तिकोनी जागेत आहे. वर भव्य घुमट नाही, साधे दगडी छत्र आहे. कबरीवरचा लेख त्याच्या त्याच कविमित्राने, मुस्तफा साईने, लिहिला. एवढ्या चारशे कामांतून कवीने त्या लेखात सुलेमानियेबरोबर निवडले ते इस्तंबुलजवळच्या चेकमेजे येथल्या खाडीवरच्या पुलाचे काम, आणि त्या पुलाला आकाशगंगेची उपमा दिली. फौजेतल्या सुताराने पहिले नाव कमावले ते चिखलातल्या पुलावर, आणि शेवटी कबरीवर कोरले गेले तेही पुलाचेच नाव.

त्या तिकोनी जागेच्या टोकाला, रस्त्याच्या तोंडाशी, एक पाणपोई आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळावे म्हणून ती बांधलेली आहे.